पेन्शनचा हिशेब: जुनी, नवी आणि मधली गाळलेली वर्षं

मार्च २०२३ च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा राज्यभर घुमली. १४ तारखेला सुरू झालेला संप समितीच्या आश्वासनावर २० तारखेला मिटला. वाद मात्र मिटला नाही. कर्मचारी म्हणतात, पेन्शन आमच्या हक्काची. अर्थखातं म्हणतं, परवडत नाही. पाटी-पेन्सिल घेऊन हिशेब करायला कोणी बसत नाही. म्हणून आधी हिशेब, मग मत.

१ नोव्हेंबर २००५ पूर्वी रुजू झालेल्या राज्य कर्मचाऱ्याला १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे, सेवा पूर्ण असेल तर, शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन मिळते आणि तिच्यावर महागाई वाढ. त्यासाठी पगारातून काही कापलं जात नाही. जीपीएफ, म्हणजे भविष्य निर्वाह निधी, कापला जातो, पण तो ज्याचा त्याचाच. त्या तारखेनंतर लागलेल्यांना आधी डीसीपीएस (परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना) आली आणि पुढे एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना). यात मूळ वेतन अधिक महागाई भत्ता यांच्या १० टक्के आपले जातात. सरकारचा वाटा सुरुवातीला १० टक्के होता, एप्रिल २०१९ पासून १४ आहे. पैसा सरकारी रोखे, कंपन्यांचे रोखे आणि थोड्या शेअरमध्ये गुंतवला जातो. निवृत्तीच्या दिवशी ६० टक्क्यांपर्यंत रक्कम रोख घेता येते, उरलेल्या किमान ४० टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे एकरकमी पैशाच्या बदल्यात आयुष्यभर मिळणारी ठरावीक रक्कम, विमा कंपनीकडून घ्यावी लागते. भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्यांना आणि केंद्राच्या इतर खात्यांना ही योजना १ जानेवारी २००४ पासून लागू झाली. सैन्यदलं तेव्हाच वगळली होती.

शेत मक्त्याने द्यायचं की बटाईने, तसाच हा प्रश्न आहे. मक्त्यात पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मिळते आणि जोखीम कसणाऱ्याची. बटाईत पीक येईल तसा वाटा. जुन्या पेन्शनमध्ये कर्मचारी मक्त्याचा मालक होता. २००५ नंतर त्याला बटाईवर आणलं, पण बी-बियाणं कधी पेरलं हे त्याला बरीच वर्षं दाखवलंच नाही. त्याकडे पुढे येऊच.

एक उदाहरण घेऊ. शेवटचं मूळ वेतन ८०,००० रुपये, महागाई भत्ता सोयीसाठी ५० टक्के धरू, म्हणजे महिन्याचे १,२०,०००. सेवा ३० वर्षं, निवृत्ती ५८ व्या वर्षी.

जुन्या योजनेत पेन्शन ४०,००० आणि तिच्यावर ५० टक्के महागाई वाढ, एकूण ६०,०००. त्यातली ४० टक्के मूळ पेन्शन विकली, म्हणजे अंशराशीकरण केलं, तर १६,००० × १२ × ८.३७१ (त्या वयासाठी ठरलेला गुणक) = १६,०७,२३२ रुपये एकरकमी हातात येतात. मग १५ वर्षं दरमहा १६,००० कमी मिळतात आणि १५ वर्षांनी ती पेन्शन पूर्ववत होते. महागाई वाढ मात्र या काळातही विकण्याआधीच्या पूर्ण ४०,००० वरच मोजली जाते. हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

आता नवी योजना. इथे एकच गोष्ट समजून घ्यायला हवी: खात्यातला पैसा किती टक्क्यांनी वाढला यापेक्षा पगार किती टक्क्यांनी वाढला आणि त्या मानाने पैसा किती वाढला, याला महत्त्व आहे. सरकारी नोकराला दरवर्षी ३ टक्के वेतनवाढ, वर्षातून दोनदा महागाई भत्ता, मधे एखादी बढती, शिवाय वेतन आयोग. हे सगळं मिळून पगार सरासरी ९ टक्क्यांनी वाढला आणि खातंही ९ टक्क्यांनीच वाढलं, तर हिशेब अगदी सोपा होतो. प्रत्येक वर्षी जमा झालेले २४ टक्के निवृत्तीच्या वेळी शेवटच्या वार्षिक पगाराच्या २४ टक्क्यांएवढेच भरतात. ३० वर्षांचे झाले ७.२ पट. वार्षिक पगार १४ लाख ४० हजार, म्हणजे खात्यात सुमारे १ कोटी ४ लाख.

पण आज निवृत्तीकडे चाललेल्याला पूर्ण ३० वर्षं २४ टक्के मिळालेले नाहीत. २००६ ला लागलेल्याची पहिली १३ वर्षं २० टक्क्यांनीच गेली. मग पट उतरतो ६.६८ वर, रक्कम ९६ लाखांवर. त्यात शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढलेली तीन वर्षं असतील तर त्या काळात कपातच नव्हती. ती वर्षं सेवेच्या आकड्यात दिसली तरी खात्यात दिसत नाहीत.

१ कोटी ४ लाखांचं पुढे काय? किमान ४० टक्क्यांची, म्हणजे साडेएकेचाळीस लाखांची वार्षिकी घेतली आणि दर ६.५ टक्के धरला, तर महिना साधारण २२,५०० रुपये, आणि ६२ लाख रोख. सगळीच रक्कम वार्षिकीत घातली तर महिना ५६,०००. बघा, पहिल्या महिन्याला हा आकडा जुन्या पेन्शनच्या ६०,००० च्या जवळ जातो. एनपीएसवाले याच आकड्यावर बोट ठेवतात आणि ते खोटं नाही. फक्त तो आकडा तिथेच गोठतो. महागाई ६ टक्के राहिली तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. ७० व्या वर्षी जुन्या योजनेतला माणूस सव्वा लाखाच्या आसपास घेत असेल आणि नव्या योजनेतला तेच ५६,०००. ८२ व्या वर्षी तफावत चौपट. त्यामुळे ‘शेअर बाजार पडला तर?’ ही सगळ्यांत जास्त ऐकू येणारी भीती मला दुय्यम वाटते. सरकारी कर्मचाऱ्यांच्या मूळ योजनेत, म्हणजे वेगळा पर्याय न निवडल्यास पैसा जिथे गुंततो तिथे, शेअरचा हिस्सा बराच काळ १५ टक्क्यांपर्यंतच होता. खरी जोखीम महागाईची आणि दीर्घायुष्याची, आणि ती दोन्ही निवृत्तीनंतर सुरू होतात, जेव्हा हातात दुरुस्त करण्यासारखं काही उरत नाही.

वार्षिकीचा प्रकार निवडतानाही घोटाळा होतो. ‘मरणोत्तर मूळ रक्कम वारसाला परत’ हा पर्याय गोड वाटतो, पण त्याचा दर ‘फक्त हयातीत’ या प्रकारापेक्षा कमी असतो. पती-पत्नी दोघांच्या हयातीपर्यंत आणि नंतर रक्कम परत, हा बहुतेकांना सोयीचा पडतो. फक्त स्वतःच्या हयातीची वार्षिकी घेतली आणि दोन वर्षांत माणूस गेला, तर घरच्यांना काहीच नाही. एकदा घेतलेली वार्षिकी सहसा बदलता येत नाही. सही करायच्या आधी ‘काय भो, शेवटी हातात किती?’ एवढंच विचारून भागत नाही. ‘माझ्यानंतर घरात किती?’ हेही विचारावं लागतं.

आता गाळलेल्या वर्षांचं. वैयक्तिक खात्याची सगळी मदार एका गोष्टीवर असते: ज्या महिन्याची कपात, त्या महिन्यातच ती गुंतली पाहिजे. महाराष्ट्रात हे घडायला फार वेळ लागला. योजना लागू झाली नोव्हेंबर २००५ ला, राज्याने एनपीएसची केंद्रीय व्यवस्था स्वीकारली ती २०१५ च्या सुमारास, आणि जिल्हा परिषदांचे व अनुदानित शाळांचे शिक्षक त्यात आले ते आणखी उशिरा. मधल्या काळात डीसीपीएसची कपात चालू होती, पण अनेकांना वार्षिक स्लिपा मिळाल्या नाहीत. कुठे सरकारी हिस्सा जमा व्हायचा राहिला, कुठे व्याज, तर कुठे कपातच दोन-दोन वर्षं झाली नाही. अंतरजिल्हा बदली झालेल्यांचं सगळ्यांत अवघड. जुन्या जिल्ह्यातली रक्कम नव्या जिल्ह्यात वर्ग करायची, दोन्हीकडचा ताळमेळ घालायचा, आणि दोन्ही टेबलांवर मधल्या काळात माणसं बदललेली. धडगाव-अक्कलकुव्याहून चाळीसगावला आलेल्या शिक्षकाने आपला अर्ज घेऊन कुठे कुठे जायचं?

याची किंमत किती? कपात आणि सरकारी हिस्सा मिळून महिना ६,००० धरले तर पाच वर्षांचे ३ लाख ६० हजार होतात. ही रक्कम २० वर्षं ९ टक्क्यांनी वाढली तर २० लाखांच्या वर जाते. बिनव्याजी पडून राहिली तर ३ लाख ६० हजारच. बाजार एका वर्षी १५ टक्के पडला तरी एवढं नुकसान होत नाही. जुन्या पेन्शनमध्ये कारकुनाची चूक कधीही दुरुस्त करता येते, कारण रक्कम शेवटच्या पगारावर ठरते. खात्याच्या योजनेत उशीर म्हणजेच नुकसान, आणि मागून रक्कम भरली तरी गेलेलं चक्रवाढ व्याज कोणी भरून देईल असं नाही. या वादात हे सगळ्यांत कमी बोललं जातं.

सरकारची बाजूही पाहू. जुनी पेन्शन चालू महसुलातून दिली जाते, तिच्यासाठी पैसा साठवलेला नसतो. खात्याच्या योजनेकडे वळलं की एका पिढीचा काळ दुहेरी भार येतो: जुन्यांची पेन्शनही द्यायची आणि नव्यांच्या खात्यात १४ टक्केही भरायचे. जगभर या सुधारणेचं घोडं इथेच अडलं. अमेरिकेत २००५ मध्ये अध्यक्ष बुश यांनी सोशल सिक्युरिटी या सरकारी पेन्शन योजनेच्या करातला, पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंतचा भाग तरुणांना स्वतःच्या खात्यात वळवू द्यावा असा प्रस्ताव मांडला. मधल्या पिढीच्या पेन्शनीला पैसा कुठून आणणार, याचं पटेल असं उत्तर नव्हतं, आणि प्रस्ताव संसदेत मतदानापर्यंतही पोहोचला नाही. चिलीने १९८१ मध्ये, पिनोशेच्या लष्करी राजवटीत, पूर्ण व्यवस्थाच पगाराच्या १० टक्क्यांच्या खात्यांवर नेली. लष्कराने स्वतःला त्यातून वगळलं, हे सांगायला नकोच. ज्यांचं काम सलग नव्हतं, विशेषतः बायका आणि हंगामी मजूर, त्यांची खाती रिकामी राहिली, आणि २००८ मध्ये सरकारी तिजोरीतून किमान पेन्शनचा आधार द्यावा लागला.

हा दुहेरी भार ध्यानात घेतला की राजस्थान, छत्तीसगड, झारखंड, पंजाब आणि हिमाचल २०२२-२३ मध्ये जुन्या पेन्शनकडे का वळले तेही कळतं. वळलं की त्याच महिन्यापासून १४ टक्के भरणं थांबतं आणि कर्मचाऱ्यांची कपात जीपीएफमध्ये येऊ लागते, म्हणजे तिजोरीला आज दिलासाच. २००५ नंतर लागलेली मंडळी मोठ्या संख्येने २०३५ ते २०४० च्या सुमारास निवृत्त होतील, खरं बिल तेव्हाच्या अर्थमंत्र्याच्या टेबलावर येईल. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या बुलेटिनमधल्या एका अभ्यासात, सगळी राज्यं परतली तर एकूण बोजा एनपीएसच्या साडेचार पटींपर्यंत जाऊ शकतो असा अंदाज मांडला होता. आकड्यावर वाद घालता येईल, दिशेवर नाही. मात्र ही शिस्त शिकवणाऱ्या विधिमंडळात माजी आमदाराला एकाच मुदतीसाठी दरमहा ५०,००० ची पेन्शन मिळते आणि तिला बाजाराशी जोडावं असं अजून कोणाला सुचलेलं नाही. कर्मचाऱ्याला राग येतो तो इथे.

मधला रस्ता म्हणून २४ ऑगस्ट २०२४ ला केंद्राने यूपीएस (एकीकृत निवृत्तिवेतन योजना) मंजूर केली आणि दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. त्याआधी १ मार्च २०२४ ला विधानसभेत राज्याच्या सुधारित योजनेत ५० टक्के पेन्शन आणि ६० टक्के कुटुंब निवृत्तिवेतनाची घोषणा झालीच होती. केंद्राची यूपीएस १ एप्रिल २०२५ पासून लागू आहे. २५ वर्षं सेवा असेल तर शेवटच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या ५० टक्के, त्यावर महागाई वाढ, जोडीदाराला ६० टक्के, आणि १० वर्षं सेवा असेल तर किमान १०,०००. कर्मचाऱ्याचे १० टक्के चालूच. सरकारचे १८.५ टक्के, त्यातले १० त्याच्या खात्यात आणि ८.५ सामाईक निधीत.

वरच्या उदाहरणात यूपीएसमधून ४०,००० अधिक महागाई वाढ, शिवाय प्रत्येक पूर्ण सहा महिन्यांमागे महिन्याच्या पगाराचा दहावा हिस्सा: ३० वर्षांचे ६० सहामाही, १२,००० × ६०, म्हणजे ७ लाख २० हजार. चांगलं दिसतं. पण या योजनेतला बारीक मजकूर नीट वाचायला हवा. खात्याचा एक ‘प्रमाण निधी’ ठरवलेला आहे: दर महिन्याची वर्गणी वेळेवर आली असती आणि मूळ योजनेत गुंतली असती तर जेवढी झाली असती, तेवढी रक्कम. आपल्या खात्यात त्यापेक्षा कमी असेल तर पेन्शन त्याच प्रमाणात कापली जाते. फरक आपण भरला तर पूर्ण मिळते. म्हणजे हमीच्या योजनेतही गाळलेली वर्षं पाठ सोडत नाहीत.

दुसरी अट स्वेच्छानिवृत्तीची. २५ वर्षांनंतर स्वेच्छानिवृत्ती घेतली तर यूपीएसची रक्कम लगेच सुरू होत नाही, ज्या वयाला नियमित निवृत्ती झाली असती त्या दिवसापासून होते. पन्नाशीतच सोडून केळीच्या शेताकडे वळायचा विचार असलेल्या भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याने आधी हे बघावं. तिसरी गोष्ट, निवृत्तीच्या वेळी निधीतून ६० टक्क्यांपर्यंत काढता येतात, पण काढाल त्या प्रमाणात महिन्याची रक्कम कमी होते. आणि पती-पत्नी दोघं गेल्यावर मुलांना काही उरत नाही. एनपीएसच्या रक्कम-परत वार्षिकीत उरतं. घरात दीर्घायुष्य असेल आणि महागाईची धास्ती असेल तर यूपीएस किंवा राज्याची हमीची योजना सरस. मुलांसाठी भांडवल ठेवायचं असेल, दुसरं उत्पन्न असेल, तर एनपीएसमध्ये राहण्यात तथ्य आहे. सगळ्यांना एकच उत्तर लागू पडत नाही, आणि व्हॉट्सअॅपवर फिरणारे तक्ते नेमकं तेच करतात.

राज्याच्या २ फेब्रुवारी २०२४ च्या शासन निर्णयाने एका गटाला जुनी पेन्शन मिळाली: ज्यांची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ पूर्वीची, पण नेमणूक नंतरची. जे आधीच नेमले गेले पण ज्यांच्या शाळेला शंभर टक्के अनुदान त्या तारखेनंतर मिळालं, त्यांचा वाद वेगळा, तो कोर्टात लढला गेला.

आणि या सगळ्या भांडणाच्या बाहेर जी माणसं आहेत त्यांचं काय? एसटीतून किंवा जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमधून, चटईच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार ईपीएस-९५ या भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत असतो. तिथलं सूत्र: पेन्शनपात्र पगार × सेवा ÷ ७०. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५,०००. ३० वर्षांची सेवा आणि २० वर्षांपेक्षा जास्त सेवेबद्दलची २ वर्षं धरून महिना ६,८५७ रुपये, महागाई वाढ शून्य. किमान पेन्शन १,०००. रावेर-यावलच्या केळीच्या बागेत घड वाहणाऱ्या मजुराला तेही नाही. अटल पेन्शन या केंद्राच्या ऐच्छिक योजनेत तो १८ व्या वर्षी आला तर महिना २१० भरून ६० व्या वर्षी ५,००० मिळतील. ५ टक्के महागाई धरली तर ते आजचे साधारण ६५० रुपये. ४० व्या वर्षी आला तर हप्ता १,४५४. ज्याचं काम आठ महिने असतं आणि चार महिने गुजरातेत, त्याच्या खात्यातून हा हप्ता दर महिन्याला वळता होईल याची खात्री नाही. त्याला लागू पडतं ते श्रावणबाळ किंवा संजय गांधी निराधारचे १,५०० रुपये, तेही तलाठ्याचा उत्पन्नाचा दाखला वेळेवर मिळाला तर. वैयक्तिक खात्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी चिलीचा अनुभव इथे आठवावा. नियमित पगारच नसेल तर खातं कितीही पारदर्शक असो, त्यात भरायचं काय?

नोकरीत असलेल्यांसाठी कामाचं तेवढं सांगतो. एप्रिलनंतर प्रान (एनपीएसचा कायमचा खाते क्रमांक) खात्याचं वर्षाचं विवरण उतरवून घ्या. बारा महिन्यांच्या चोवीस नोंदी दिसल्या पाहिजेत, बारा आपल्या आणि बारा सरकारच्या. पगाराचा महिना आणि जमेची तारीख शेजारी लिहा. सेवार्थ किंवा शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीतल्या पगारपत्रकाशी रक्कम जुळते का पाहा. जिथे अंतर पडलं असेल त्याचं लेखी पत्र आहरण अधिकाऱ्याला, म्हणजे आपला पगार काढणाऱ्या अधिकाऱ्याला, द्या, आवक क्रमांक घ्या, आणि पत्रात महिना, रक्कम, व्हाउचर क्रमांक लिहा. ‘माझे पैसे दिसत नाहीत’ एवढ्या अर्जावर काही हलत नाही. बदली झाली की पहिल्याच महिन्यात प्रान नव्या आहरण अधिकाऱ्याकडे जोडला गेला का ते बघा. कपात अडकते ती बहुतेक वेळा तिथेच. डीसीपीएसच्या काळातली प्रारंभिक शिल्लक एनपीएसमध्ये किती तारखेला, किती आली, आणि तिच्यात सरकारी हिस्सा व व्याज धरलंय का, हे वेगळं तपासा.

वारसाचं नाव उघडून पाहा. लग्नाआधी आईचं लावलेलं असतं आणि तसंच राहतं. सेवेत मृत्यू झाला तर ३१ मार्च २०२३ च्या निर्णयामुळे राज्यातल्या एनपीएसधारकाच्या कुटुंबालाही कुटुंब निवृत्तिवेतनाचा मार्ग आहे, पण कुटुंबाला तो माहीत असायला हवा. नुसती खात्यातली रक्कम उचलायचा अर्ज आधी भरला गेला तर पुढे अडचण होते. निवृत्तीला सहा महिने उरले की दाव्याची प्रक्रिया सुरू करता येते. त्याआधी आधार, पॅन, बँक खातं आणि सेवापुस्तक या चारही ठिकाणी नाव एकाच अक्षराने लिहिलंय का ते बघा, कारण ‘पाटील’ पुढची वडिलांच्या नावाची एक वेलांटी चुकली तरी दावा परत येतो.